निमतानदार आणि राणीचा महाल

आमच्या निमतानदारांना कोणी म्हटलं, "अण्णा, बाहेर पाऊस पडतोय," तर ते खिडकीकडे न बघता विचारायचे, "जागेवर जाऊन बघितलंस काय?" मग सांगणारा व्हरांड्यात जाऊन, डोकं भिजवून परत यायचा. तेव्हा कुठे त्यांच्या लेखी पाऊस सुरू व्हायचा.

निमतानदार हे आडनाव नव्हे, हुद्दा. मी ज्या खात्यात होतो त्याचं पूर्ण नाव सांगत नाही, जमिनी मोजणारं खातं होतं एवढं पुरे. तिथे एकदा जमीन मोजली जाते, ती मोजणी एखाद्याला पटत नाही, तो हरकत घेतो. मग तीच जमीन पुन्हा मोजायला जो वरचा माणूस येतो, तो निमतानदार. म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा पगार मिळणारा माणूस. तीस-बत्तीस वर्षं हे काम केल्यावर माणसाचं काय होतं, ते रत्नागिरीच्या मासळी बाजारातल्या कोळणींना विचारावं. अण्णा बांगड्यांचा वाटा डावीकडून मोजायचे, मग उजवीकडून मोजायचे. एकदा एक कोळीण वैतागून म्हणाली, "तिकडनं मोजल्यावर पिल्लं घातली काय रे बाबा माज्या बांगड्यांनी?" अण्णा शांतपणे म्हणाले, "नाही, दहाच आहेत. पण आता नक्की दहा आहेत."

एका लग्नात, हातात अक्षता आणि समोर मंगलाष्टकं चालू असताना, ते वधूपित्याच्या कानाशी लागून म्हणाले होते, "मांडव शेजाऱ्याच्या हद्दीत दीड हात गेलाय. कार्य होऊन जाऊ दे, पण सांगून ठेवतो." पुढे दोन्ही घरांत वर्षभर बोलणं नव्हतं.

या माणसाला एकच अभिमान होता. त्यांची मोजणी आजवर उलटली नव्हती. त्यांच्यावर अपील झालं, वरून माणसं आली, मोजणीच्या साखळ्या पडल्या आणि दर वेळी अण्णांचाच हद्दीचा दगड जागेवर निघाला. त्यांचं सेवापुस्तक ते कधीमधी कपाटातून काढून आम्हाला दाखवत. शेऱ्यांची पानं कोरी करकरीत. दुसरे लोक मुलाबाळांचे फोटो दाखवतात तशी ते ती कोरी पानं उलटून दाखवायचे. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार होता आणि त्यांच्या निवृत्तीला तीन-चार महिने उरले होते.

मी घाटावरचा. वय तेवीस, नोकरी तात्पुरती, काम नकाशे गिरवण्याचं. अक्षर आणि रेघ बरी, म्हणून कच्च्या टिपणावरून पक्का नकाशा ट्रेसिंग कापडावर उतरवायला मला बसवलेलं. रुजू झालो त्या दिवशी कोणीतरी विचारलं, "वाचनबिचन आहे काय?" तेव्हा मी जड चेहऱ्यानं "तत्त्वज्ञान" म्हणून मोकळा झालो होतो. त्यामुळे आळीतल्या वाचनालयातून आणलेली कुमारांसाठीची अद्भुत कादंबरी मला एका जाडजूड नोंदवहीच्या आत घालून वाचावी लागे.

पुस्तकाचं कव्हर गेलेलं, पहिली चार पानं गेलेली, त्यामुळे नाव आणि लेखक आजतागायत मला माहीत नाही. पण गोष्ट अशी होती की जेवण विसरावं. एक राज्य. तिथे मूल जन्मलं की त्याचा पहिला आवाज एका शंखात भरून राणीच्या महालात ठेवतात. शंख गेला की माणसाचा आवाज गेला. शंखघराच्या राखणदाराची सोळा वर्षांची मुलगी, शलाका. नदीपलीकडे राहणारा केयूर, ज्याचा शंख लहानपणीच फुटला म्हणून तो मुका. हे दोघं एकमेकांशी खुणांनी बोलतात आणि त्यांना स्वतःला सोडून सगळ्या राज्याला कळलेलं असतं की हे प्रेम आहे. अशात एका संध्याकाळी सात शंख चोरीला जातात.

मी नेमका त्या संध्याकाळपाशी पोचलो होतो, तेव्हा अण्णा मागे उभे.

"काय वाचतोस?"

"जुन्या मोजण्या, अण्णा."

"मग तोंड उघडं कशाला पडलंय?"

त्यांनी नोंदवही उचलली, आतलं पुस्तक काढलं, दोन पानं चाळली आणि सरळ आपल्या पिशवीत टाकलं. शनिवार होता. रविवारभर मी घाटावर परत जाण्याच्या गाडीचं वेळापत्रक आठवत पडलो होतो.

सोमवारी पुस्तक माझ्या टेबलावर होतं. प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलनं बारीक खुणा. शलाका आणि केयूर नदीकाठच्या खडकावर शेजारी बसतात तिथे लिहिलं होतं, "किती हात अंतर?" आंधळ्या घुबडाचा डोंगर येतो तिथे, "उत्तरेस की वायव्येस? दोन ठिकाणी दोन सांगतो." आणि शेवटच्या पानावर, जिथे गोष्ट ऐन रंगात तुटते तिथे, नुसती एक आडवी रेघ, पेन्सिलचं टोक मोडेपर्यंत दाबलेली.

"काय पोरकटपणा आहे," अण्णा म्हणाले. "दुसरा भाग कधी आणतोस?"

दुसरा भाग आला, तोही तसाच बिनकव्हराचा, आणि आधी त्यांनी वाचला. मग मी. मग पुन्हा त्यांनी, कारण एकदा वाचलेलं त्यांच्या हिशेबी वाचलेलं नसे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं दप्तरखान्यात, जुन्या बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांवर बसायचो. बाहेर सगळ्यांना वाटे अण्णा पोराला काम शिकवतायत. आत हा साठीला टेकलेला माणूस डब्यातली उसळ तशीच ठेवून मला विचारत असे, "ती त्याचा हात धरते ना, पान अठ्ठ्याण्णव, तेव्हा त्याला कळलं असेल काय रे?"

"काय कळलं असेल?"

"म्हणजे, हेच आपलं. तिचं काय ते."

"त्याला नसेल कळलं, अण्णा."

"मूर्ख आहे लेकाचा," असं म्हणून ते उसळ खायला लागायचे, पण चेहरा खुललेला असायचा.

तिसरा भाग मात्र मिळेना. वाचनालयाच्या मालकानं सांगून टाकलं, "निघालाच नाही हो. छापखाना बुडाला म्हणतात. आमच्याकडे सगळे ह्या दोन भागांवरच झुरतायत." म्हणजे शंख कोणी चोरले हे कळायची सोय राहिली नाही. मी एक सुस्कारा टाकून दुसरं पुस्तक आणलं असतं. अण्णांचं तसं नव्हतं. वाद आहे आणि निकाल नाही, ही स्थिती त्यांना सहन होईना.

"आपण मोजू," ते म्हणाले.

दोन्ही भागांतून त्यांनी अंतरं काढली. कोण कुठून किती पावलांवर, कोणाला किती घटका लागल्या, उन्हं कुठल्या बाजूला होती. आठ दिवस खपून त्यांनी त्या राज्याचं कच्चं टिपण तयार केलं. राणीचा महाल, शंखघर, कुजबुजतं रान, आंधळ्या घुबडाचा डोंगर, मधून वाहणारी नदी. सगळं आमच्या खात्याच्या खुणांनी. डोंगराच्या उतारावर आंब्याच्या कलमांच्या खुणा का दाखवल्या असं मी विचारलं, तर म्हणाले, "मग काय नुसतं कातळ पडून राहील? कोणीतरी लावलीच असतील." मला म्हणाले, "हे पक्कं करून दे. प्रमाणात. म्हणजे वेळा काढता येतील."

मी दोन दिवसांत ट्रेसिंग कापडावर असा नकाशा उतरवला की तसा आजवर खऱ्या गावाचाही उतरवला नव्हता. अण्णांनी तो हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट केली नाही. टिपणाशी ताडून बघितला नाही. गोष्टीची ओढ माणसाला काय करायला लावते बघा. तसेच पट्टी घेऊन बसले. मंत्री, राणीची बहीण, राखणदार, एकेकाला चालवत नेलं, एकेकजण सुटत गेला. संध्याकाळच्या नौबतीपासून चंद्र उगवेपर्यंत शंखघरात पोचून परत जाऊ शकेल असा एकच माणूस उरला. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"केयूर," ते म्हणाले.

"नाही हो अण्णा."

"मोजणी आहे ती. मला काय हौस आहे?"

दुसऱ्या दिवशी काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, डबा द्यायचं निमित्त करून ऑफिसात आल्या आणि मला बाजूला घेऊन विचारायला लागल्या, "ऑफिसातलं कोण वारलं काय रे? कालपासून धड जेवले नाहीत. सुरमई होती, तीही तशीच ठेवली. विचारलं तर म्हणतात, पोरगा चांगला वाटला होता."

अण्णांना नकाशा डोळ्यासमोर नको झाला. "ठेव कुठेतरी," म्हणाले. मी तो टेबलावरच्या ढिगात ठेवला. आणि इथे माझ्या कर्तबगारीला सुरुवात होते.

त्याच ढिगात नाटे गावाकडच्या एका वाडीतल्या दोन चुलतभावांचं प्रकरण होतं. थोरला दत्तू, धाकटा गंगाराम. दोघांच्या आंब्याच्या बागांमध्ये जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे चुना-मातीशिवाय रचलेली भिंत, आणि गडग्याला लागून तीन कलमं. ती कोणाची यावरून सात वर्षं भांडण. अण्णांनी फेरमोजणीचा निमताना केला होता, मी नकाशा पक्का केला होता, फक्त वर पाठवायचा होता. मी तो पाठवला. म्हणजे कागदपत्रं त्यांची पाठवली. त्यांना टाचणी लावून जोडलेला नकाशा राणीच्या राज्याचा होता.

मला वाटलं असतं, ही चूक जिल्ह्याच्या साहेबांच्या पहिल्या कारकुनापाशीच पकडली जाईल. पण आमच्या खात्याला मी तेव्हा नीट ओळखत नव्हतो. नकाशा तीन टेबलांवरून गेला. पहिल्यानं उत्तर दिशेचा बाण ठळक करावा असं सुचवलं. दुसऱ्यानं तो ठळक केला. तिसऱ्यानं "पाहिला, बरोबर आहे" लिहिलं. साहेबांनी सही केली, शिक्का पडला, आणि दत्तू-गंगारामाला एकेक खरी नक्कल मिळाली.

पंधरा दिवसांनी दोघं ऑफिसात हजर.

"सायेब," दत्तू म्हणाला, "आमी काय शिकलेलो नाय. पन मास्तरांकडनं वाचून घेतलं. ह्यो जो राणीचा म्हाल हाय, तो माज्या अंगाला हाय. ह्याला सांगा."

"तुज्या अंगाला कसा?" गंगाराम म्हणाला. "कुजबुजतं रान माजं. रानाला लागून म्हाल. म्हंजे म्हाल माजा."

"रान तुजं? तुज्या बागंत कधी कुत्रा कुजबुजला नाय."

"तू ऱ्हातोस मुंबईला दहा महिने, तुला काय ऐकू येनार?"

अण्णांनी नक्कल हातात घेतली. मी टेबलाखाली पडलेली टाचणी शोधायला वाकलो आणि बराच वेळ ती सापडू दिली नाही. वर आलो तेव्हा अण्णा माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. एखादा दगड आपल्या जागेवर नसावा आणि तो कोणी हलवला हे कळलेलं असावं, तसं.

"तीन कलमांचं काय ठरलं तुमचं?" त्यांनी चुलतभावांना विचारलं.

"कलमांचं ऱ्हाऊं द्या वो," दत्तू म्हणाला. "आदी म्हालाचं बघा."

"ठीक. जागेवर चला."

आणि खरोखर गेलो. साखळी, काटकोन धरायचं यंत्र, पंच, लगतच्या बागवाल्यांना नोटिसा, सगळं रीतसर. दोन दिवस त्या दोन बागा मोजल्या. गडगा खऱ्या नकाशाप्रमाणे अचूक जागेवर निघाला, एक कलम दत्तूचं, दोन गंगारामची. मग अण्णांनी पंचनामा सांगितला आणि मी लिहिला: "सदर जागेवर राणीचा महाल, शंखघर अगर डोंगरावर आंधळं घुबड आढळून आलं नाही." पंचांनी मान डोलावली. दत्तूनं अंगठा पुढे केला, मग थांबला.

"आता नाय सापडत, पन आदी असंल."

"असनारच," गंगाराम म्हणाला. "उगाच कोन लिवनार? सरकारनं काडून नेला असंल. माडीसकट."

"चिरे चांगले असतील ना म्हालाचे."

सात वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं. कलमांबद्दल दोघांनीही विचारलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ते गडग्यावर शेजारी शेजारी बसून, सरकारनं महाल कुठे नेऊन बांधला असेल यावर बोलत होते.

चुलतभावांचं मिटलं. आमचं उरलं. मंजूर नकाशा चुकीचा आहे हे वर कळवायला हवं होतं, खुलासा द्यायला हवा होता, आणि तो ज्याच्या सहीनं जाईल त्याच्या सेवापुस्तकात शेरा येणार होता. अण्णांना निवृत्तीला तीन आठवडे. माझं कायम होण्याचं प्रकरण त्याच साहेबांच्या टेबलावर.

"अण्णा," मी म्हणालो, "कागद मी जोडला. माझं नाव घाला." हे मी म्हणालो खरं, पण अशा आवाजात की शेजारच्या टेबलावरच्यालाही ऐकू जाऊ नये. मनातून मला ते अण्णांनाही ऐकू गेलेलं नको होतं.

"नकाशा कोणी मोजला?"

"तुम्ही."

"मग सही कोणाची?" त्यांनी कागद पुढे ओढला. "तुझं व्हायचंय, माझं झालंय. शाई दे."

खुलासा मी नंतर वाचला. असा सरळ कागद आमच्या ऑफिसातून कधी बाहेर पडला नसेल. "सदर नकाशा हा एका कादंबरीतील राज्याचा असून तो मी सुट्टीच्या वेळात आवडीनं तयार केला होता. तो मूळ प्रकरणास चुकून जोडला गेला. कादंबरी चांगली आहे." खाली सही. माझा उल्लेख नाही. मी त्या दिवशी दोन वेळा त्यांच्या टेबलापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

आठ दिवसांनी वरून पत्र आलं: आधाराचे कागद म्हणून कादंबरीचे दोन्ही भाग तात्काळ सादर करावेत. वाचनालयाच्या मालकाला मी काय सांगितलं ते इथे सांगत नाही. भाग गेले. मग काहीच येईना. साहेबांचा शिपाई कामानिमित्त आला होता, तो म्हणाला, "साहेब हल्ली दुपारी दार लावून बसतात. बैठका रद्द. मोठं प्रकरण आहे म्हणतात कसलं तरी."

निवृत्तीला चार दिवस उरले असताना निकाल आला. खरा नकाशा असलेला पंचनामा मान्य. आणि पहिल्या नकाशाबद्दल तीन ओळी. आता साहेबांची अडचण लक्षात घ्या. तो नकाशा दुसऱ्याच राज्याचा आहे असं लिहावं, तर त्यावर "बरोबर आहे" म्हणून त्यांचीच सही. तेव्हा त्यांनी त्या राज्याला हात न लावता लिहिलं होतं: "नकाशात नदीवर साकव दर्शविला आहे. आधाराचे कागद पाहता तेथे साकव नाही. मोजणी सदोष. निमतानदार यांना ताकीद देण्यात येत आहे."

"साकव?" अण्णा म्हणाले.

साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. त्यांनी कपाटातून आपलं कच्चं टिपण काढलं. नदी होती, साकव नव्हता. मग माझ्याकडे बघितलं.

ही गोष्ट मी आतापर्यंत वाचकांपासूनही लपवली, कारण सांगायला लाज वाटते. पक्का नकाशा करताना ती नदी मला फार उघडी-उघडी दिसायला लागली. कोकणात आल्यापासून बघत होतो, जिथे पाणी तिथे साकव. शलाका-केयूरला भेटायला बरं पडेल असंही मनात आलं असेल. मी एक लहानसा, कठडे असलेला, सुंदर साकव काढून दिला होता. आणि अण्णांनी केयूरला त्याच्यावरून चालवत शंखघरापर्यंत नेऊन चोर ठरवलं होतं.

"मी काढला, अण्णा," मी म्हणालो. या वेळी आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला.

अण्णांनी टिपण बाजूला सारलं. निकालाबरोबर परत आलेला दुसरा भाग उघडून ते पानं उलटायला लागले. एकशे बेचाळीसाव्या पानावर, त्यांच्या पेन्सिलच्या खुणांखाली, लाल शाईत साहेबांचं अक्षर होतं: "चोरीच्या दिवशी नदीला पूर. पायी ओलांडायचा उतार बंद, होडी वाहून गेलेली. मुलगा पलीकडे अडकलेला. तो येऊच शकत नाही. निमतानदारांनी पुन्हा मोजावं."

अण्णांनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग खुर्चीत मागे टेकून त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे पोरगा सुटला," ते म्हणाले.

"पण अण्णा, तुमची मोजणी उलटली. माझ्यामुळे."

"उलटली ना. बरी उलटली." त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. "दोन महिने त्या पोराकडे मी वाईट नजरेनं बघतोय रे."

ताकीद सेवापुस्तकात उतरवायची होती. ते काम हेडक्लार्कचं, पण अण्णांनी पुस्तक आणून माझ्या टेबलावर ठेवलं, शेऱ्यांचं पहिलंच कोरं पान उघडलं आणि म्हणाले, "तू लिही. अक्षर बरं आहे तुझं. साहेबांनी दिलंय तेवढंच लिही, पदरचं काही घालू नको."

मी लिहिलं. ओळ पूर्ण झाल्यावर त्यांनी पुस्तक आपल्याकडे फिरवलं आणि शाई फिसकटू नये म्हणून त्या एकुलत्या एक शेऱ्यावर बराच वेळ, हळूहळू फुंकर घालत उभे राहिले.